मामाच्या हाताची नक्कल

माझ्या मामाचा उजवा हात तसा ठणठणीत होता. त्या हाताने तो लाकडं फोडत असे, विहिरीतून पाणी ओढत असे, भाताचा भला मोठा घास वरणात बुडवून तोंडात टाकत असे, आणि रागावला तर टेबलावर अशी थाप मारत असे की दौत आडवी व्हायची. फक्त तार पाठवायच्या चावीवर ठेवला की तो हात त्याचा राहत नसे. बोटं आकडत, अंगठा आत वळे आणि मनगट भलतीकडे तोंड करून बसे. चावी सोडली की हात पुन्हा शहाणा. पंचवीस-तीस वर्षं तीच चावी दाबणाऱ्या तारमास्तरांना हे दुखणं होतं, हे मामाला पक्कं ठाऊक होतं, कारण उमेदवारीत ज्यांनी त्याला शिकवलं ते मास्तर याच दुखण्याने घरी बसले होते. आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव घ्यायची बंदी होती. मामी नुसतं ‘ते’ म्हणे. “आज ते कसं आहे?” असं ती सकाळी चुलीपाशी विचारी आणि मामा उत्तर न देता चहा पिई, म्हणजे ते होतं तसंच होतं.

उपाय सगळे झाले होते. मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळलं, शेकलं, बांधलं. लालसू नावाचा आमचा लाइनमन होता, माडिया, पायाने हरणासारखा आणि बोलायला दगडासारखा. त्याने जंगलातून अस्वलाची चरबी आणून दिली. ती लावल्यावर मामाच्या हाताला गुण आला नाही, पण गावातली कुत्री आठवडाभर मामापासून दहा हात लांब चालत. चांद्याच्या डॉक्टरकडे जायचं मात्र कोणी बोलत नव्हतं. मामाची नोकरीची दोन वर्षं उरली होती. हात गेल्याचं वर कळलं असतं तर खात्याने त्याला डॉक्टरपुढे उभं केलं असतं, डॉक्टरने एक ओळ लिहिली असती, आणि महिन्याभरात नवा मास्तर ट्रंक घेऊन दारात आला असता. घर खात्याचं. पुढच्या दोन खोल्यांत पोस्ट आणि तार, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मामाला शेत नव्हतं, मूल नव्हतं, तारेशिवाय दुसरं काही येतही नव्हतं.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते होतं, एवढं पुरे. तिथल्या माणसांची नातवंडं अजून सरकारी नोकरीत आहेत आणि मला त्यांच्या बढत्या अडवायच्या नाहीत.

मी तिथे आले तेव्हा सतरा वर्षांची होते. आमचं गाव तलावाकाठचं. वडील धान लावत, काका तलावात जाळं टाकत, आणि मी सातवी पास होऊन घरातले सगळे कागद, पुड्यांचेसुद्धा, वाचून संपवले होते. मुलगी वाचते हे आमच्याकडे खोकल्यासारखं समजत. दोन-चार दिवसांत जाईल म्हणून आधी दुर्लक्ष करायचं आणि गेला नाही तर हवापालटाला पाठवायचं. लग्न जमेपर्यंत मामीच्या हाताखाली राहीन म्हणून मला पाठवलं गेलं. मामाकडे जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं गठ्ठ्याने होती. त्याने मला इंग्रजी अक्षरं त्यांतल्या बुटांच्या आणि शक्तिवर्धक औषधांच्या जाहिरातींवरून शिकवली होती, त्यामुळे माझं पहिलं इंग्रजी सगळं अशक्त माणसांविषयीचं होतं.

चावीवर बसायची कल्पना माझी. मामाला ती सुचली असती तर त्याने स्वतःलाच नोटीस दिली असती. परीक्षा पास झाल्याशिवाय कोणी त्या टेबलाला हात लावायचा नाही, असा नियम भिंतीवर चौकटीत टांगलेला होता. एका दुपारी तो एकाच तारेशी झगडत बसला होता. सागाच्या ठेकेदाराची साधी नऊ शब्दांची तार. मी दाराशी उभी होते.

“मामा, मले शिकवा नं.”

“काय?”

“तार. मी बसतो. तुमी खिडकीत उभे राहा.”

मामाने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं, मग आकडलेल्या हाताकडे पाहिलं. “पोरीच्या जातीचं काम नोहे हे,” तो म्हणाला. आतून मामी म्हणाली, “तुमच्या जातीचं तरी कुठी राह्यलं आता?” शिकवणी त्याच संध्याकाळी सुरू झाली.

तार म्हणजे लांब आणि आखूड आवाज, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे तसं नव्हतं. टेबलावर पितळेचा ठोकळा असे. तार आली की त्याची दांडी खाली आपटे आणि पुन्हा वर आपटे. आवाज दोन्ही वेळा सारखाच, टक आणि टक. त्या दोन टकांमध्ये थोडी जागा असली तर टिंब, जास्त असली तर रेघ. “आवाज नको आयकू,” मामा म्हणे, “आवाज सगळ्यायचा सारखा रायते. मधली जागा आयक.” ठोकळ्याचा आवाज मोठा व्हावा म्हणून त्याच्यामागे तंबाखूचा रिकामा डबा उभा केलेला असे. कागद-पेन्सिल घ्यायची मला महिनाभर बंदी होती. ऐकायचं आणि तोंडाने बोलायचं. मग घरभर तेच. जेवताना मामा चमच्याने ताटावर टकटक करून भात मागे, मी वाटी वाजवून वरण संपल्याचं कळवी, आणि मामी कपाळाला हात लावी. “जेवताना ताटं बडवता? कोणाच्या घरचं बोलावणं करून राह्यले?” आंबाडीची भाजी, लाखोळीचं वरण, कधी तलावातले सुकवलेले झिंगे आणि जवसाची चटणी, असं ते जेवण. मला अजूनही जवसाची चटणी जिभेवर आली की आधी ‘जे’ आठवतो, एक टिंब, तीन रेघा.

अक्षरांपेक्षा हुकूम शिकायला मजा येई. तारेवरचे लोक एकमेकांशी दोन-तीन अक्षरांत बोलत. थांब. चालू दे. पुन्हा सांग. अमक्या शब्दापासून पुन्हा सांग. तू कोण? मिळालं. त्यात कृपया नव्हतं, माननीय नव्हतं, आपला आज्ञाधारक नव्हतं. चांद्याच्या मोठ्या ऑफिसातला हेडक्लार्क असो की सिरोंच्याच्या बाजूचा एखादा एकटा मास्तर, ‘थांब’ म्हणजे थांब. ज्या देशात अर्ज लिहिताना माणूस पहिल्या अर्ध्या पानात साहेबाच्या पायाशीच लोळत असे, तिथे हे मला फार स्वच्छ वाटलं. शिवाय तार कुठे तुटली हे शोधायची युक्ती शिकले. एक बाजू सोडून दुसरी जमिनीला जोडायची, ठोकळा वाजतो का पाहायचं, मग उलट करायचं. जमिनीला म्हणजे खरोखर जमिनीला. घरामागे एक तांब्याचा पत्रा पुरला होता आणि उन्हाळ्यात तिथली माती ओली ठेवावी लागे, नाहीतर तार मरगळे. खात्याने त्यासाठी रोज दोन घागरी पाण्याचा लेखी आदेश काढला होता. मामी त्या जागी भांडी घासायची. आमच्या भागातून सरकारला गेलेली प्रत्येक तातडीची तार मामीच्या खरकट्या पाण्यावर उभी होती, हे मी मोठेपणी अनेक मोठ्या माणसांची भाषणं ऐकताना मनाशी आठवलं आहे.

आणि खिट्टी. आमच्या तारेवर पाच-सहा ठाणी एका दोऱ्यात मणी ओवावेत तशी ओवलेली होती. एकाने चावी दाबली की सगळीकडचे ठोकळे एकदम वाजत. प्रत्येक चावीच्या बाजूला पितळेची एक खिट्टी. पाठवायचं असेल तेव्हा ती उघडायची आणि थांबलं की आधी लावायची. खिट्टी लावलेली असली तर आपली चावी मुकी, कितीही बडवा. आणि कोणी खिट्टी उघडी ठेवून उठलं तर आपणच नाही, सगळी तार मुकी. “श्वास घेतला तरी आधी खिट्टी,” मामा म्हणे. दुसऱ्या महिन्यात मी ती उघडी ठेवून मोहफुलं वाळत घातलेली पाहायला गेले, कारण बकरी आली होती. परत आले तर ठोकळा गप्प. मला वाटलं आज काम कमी आहे. तिकडे अर्ध्या जंगलाची वाचा बसली होती. लालसू सायकल घेऊन तुटलेली तार शोधत बारा मैल गेला, प्रत्येक खांबाकडे मान वर करून. तारा वाऱ्याने गुणगुणतात, आणि अस्वलांना आत मधमाश्या आहेत असं वाटून ती खांबांवर चढतात, म्हणून त्याचा पहिला संशय नेहमी अस्वलावर. संध्याकाळी परत आल्यावर मामाने त्याला खरं कारण सांगितलं. लालसूने सायकल भिंतीला टेकवली आणि तो म्हणाला, “वहीत अस्वल लिहा.” मामाने अस्वल लिहिलं.

माझा नातू बंगळुरूला असतो. मोठमोठ्या यंत्रांची देखभाल करतो म्हणे. यंत्रं कुठल्या कुठे, परदेशात, आणि हा इथे काळ्या पडद्यावर दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे हुकूम टाइप करत बसतो. “आजी, यात चित्रं नसतात, कमांड पाठ लागतात, तुला नाही समजायचं,” असं तो मला समजावत होता. मी विचारलं, चुकलं तर? तो म्हणाला, चुकलं तर गेलं, परत घेता येत नाही. मग मी त्याला खिट्टीची आणि बकरीची गोष्ट सांगितली. तेव्हा त्याने, आईला सांगायचं नाही या अटीवर, एका दुपारी आपण एकट्याने कोणत्या कंपनीचा कारभार बंद पाडला होता ते सांगितलं. तिथे अस्वलाची सोय नव्हती, बिचाऱ्याला खरं लिहावं लागलं.

तर चावी आली, पण तेवढ्याने भागणार नव्हतं. तारेवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. आवाज ऐकून माणूस ओळखावा तसा ऐकणारा हात ओळखतो. मी बसले आणि मुलीच्या हाताने पाठवू लागले, की पहिल्याच वाक्याला चांद्यापर्यंत कळणार, मास्तर बदलला. म्हणून मला मामाचा हात शिकावा लागला, म्हणजे मामाच्या खोडी. नीट पाठवायला दोन महिने लागले होते, मामासारखं वाईट पाठवायला तीन लागले. त्याचा ‘सी’ विशेष. रेघ, टिंब, रेघ, टिंब. त्यातली दुसरी रेघ मामा अशी ओढे, जशी बैलगाडीचं चाक चिखलात बसावं आणि मग हासडून बाहेर यावं. तार संपली की उगाच दोन टिंबं टाकायची त्याची सवय होती. जुना माणूस बोलणं संपवून खाकरतो तशी. अडचण अशी की मामाला स्वतःच्या खोडी मान्य नव्हत्या.

“मी सी वढतो? कोण म्हणते?”

“मी म्हणतो. आयका.” मी टेबलावर वाजवून दाखवला.

“असा पाठवतो मी?”

“असाच.”

“खोटं आहे. तुयाच कानात मळ आहे.” संध्याकाळी चमच्याने भात मागताना त्याने मुद्दाम ‘सी’ असलेला शब्द वापरला आणि चाक चिखलात बसलंच. मामी हसली. तिला अक्षर कळत नव्हतं, पण नवरा कळत होता.

असे आठ महिने गेले. मी पडद्याआड चावीवर, मामा खिडकीत. गावाला माहीत होतं. गावाला सगळंच माहीत असतं, फक्त वर लेखी कळवायची पद्धत नसते. दुपारी काम थंडावलं की खालच्या ठाण्याचा पोचन्ना तारेवर गप्पा मारायला येई. पोचन्ना तेलुगू बोलणारा, मामाच्याच वयाचा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा हात मला जवळच्या नातलगासारखा झाला होता, भरभर, मध्येच हसल्यासारखा. मी अर्थातच मामा होऊन बोलत असे. त्याच्या थोरल्या मुलीला आलेल्या स्थळाविषयी मी मामाच्या वतीने मत दिलं होतं, आंबाडीच्या लोणच्यात मेथी केव्हा घालायची तेही सविस्तर कळवलं होतं. मामा एकदा खिडकीतून ऐकत होता. तो म्हणाला, “त्याले हे काऊन सांगतं? मले लोणचं खाता येते, टाकता येत नाई, हे त्याले तीस वर्षांपासून ठाऊक आहे.” मला वाटलं, मामा उगाच घाबरतो.

मग एका सकाळी माझ्याच हातांनी ती तार घेतली. तपासणी साहेब पाचव्या दिवशी येणार होते.

हे साहेब म्हणजे एक प्रस्थ होतं. ते चेहरे विसरत, नावं विसरत, पण हात विसरत नाहीत, असं ते स्वतःच सांगत. प्रत्येक मास्तराला समोर बसवून एक उतारा पाठवायला लावत, घड्याळ लावून. हा उतारा त्यांनी स्वतः इंग्रजीत रचला होता. कर्तव्य, शिस्त आणि सेवा यांविषयी. इंग्रज असतानाही तोच होता. स्वातंत्र्य आल्यावर त्यांनी त्यात ‘सम्राट’ खोडून ‘राष्ट्र’ लिहिलं, बाकी वाक्याला कुठे धक्का लागला नाही. त्यांच्या हाताखालच्या सगळ्या ठाण्यांवर, सगळ्या तपासण्यांत, तोच उतारा. मामाच्या पेटीत त्याची नक्कल होती.

घरात बैठक बसली. मामी म्हणाली, ताप आला म्हणून निजा. मामा म्हणाला, मग ते डॉक्टर आणतील. लालसू दाराशी उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “तार तोडतो.” थोडा वेळ थांबून, “अस्वल.”

“तार तोडली तरी इथल्या इथी ठोकळा वाजवायले लावतीन,” मामा म्हणाला.

मग मी माझं म्हणणं मांडलं. सरावाची जुनी चावी माळ्यावर होती. लालसूने घरामागच्या खांबापासून तार खाली घेऊन ती चावी मध्ये जोडायची आणि स्वयंपाकघरात आणायची. मामाने आपली खिट्टी लावलेलीच ठेवायची आणि मुक्या चावीवर हात ठेवून बसायचं. मी चुलीपाशी बसून उतारा पाठवायचा. ठोकळा मामासमोर वाजणार. साहेब परीक्षा घेताना डोळे मिटतात, हे सगळ्या तारेला माहीत होतं. कानावर एवढा गर्व असलेला माणूस डोळे कशाला उघडे ठेवील?

“खात्याशी बेइमानी होते ही,” मामा म्हणाला.

“आठ महिने पोरगी बसून राह्यली, तवा कुठी गेलं होतं इमान?” मामी म्हणाली. “तपासणीच्या दिवशीच आलं का माहेरून?”

चार दिवस मी तो उतारा घोकला. अर्थ अर्धाच लागत होता, जो लागत होता तोही घोकण्याच्या लायकीचा नव्हता. मधोमध एक वाक्य होतं, तार कर्मचाऱ्याच्या तीन गुणांचं. तत्परता, अचूकता आणि गुप्तता. सर्कशीतल्या हत्तींसारखे ते तीन शब्द एकामागून एक सोंड-शेपूट धरून येत.

साहेब जीपमधून आले. बरोबर घडीचं टेबल, स्वतःची सुरई, आणि एक शिपाई, ज्याचं काम मखमली पेटीतलं घड्याळ धरणं एवढंच होतं. त्यांनी झेंडूचा हार घेतला, वाळूच्या बादल्या मोजल्या, दौतीत बोट बुडवून शाई पाहिली आणि भिंतीवरच्या नियमांची चौकट सरळ केली. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मामाने धुतलेला कोट घातला होता आणि त्याच्या कानशिलावर घाम होता.

“मास्तर, बसा. सगळ्या ठाण्यांना लाइन मोकळी ठेवायला सांगितलं आहे,” साहेब म्हणाले. “मी पाहत नाही, फक्त ऐकतो. माणूस हातात असतो.” आणि डोळे मिटून त्यांनी मान मागे टाकली.

मी चुलीपाशी पाटावर. चावीचा आवाज दबावा म्हणून मामी उखळात जवस कुटायला बसली होती. मी खिट्टी उघडली आणि सुरू केलं. पुढच्या खोलीत ठोकळा बोलू लागला, माझ्या हाताने, मामाच्या आवाजात. पहिला ‘सी’ आला, मी चाक चिखलात घातलं, बाहेर काढलं. दुसरा आला. माझ्या अंगावर काटा आला, इतका तो चांगला वाईट झाला होता. राष्ट्र आलं, शिस्त आली. मी इतकी सुखात होते की मामीकडे लक्षच नव्हतं. आणि मामी, बिचारी, भीतीने, माझ्याच तालावर मुसळ मारू लागली होती. मी टिंब दिलं की तिचं मुसळ. मी रेघ दिली की मुसळ थांबून. थोड्या वेळाने कोण कोणाच्या मागे जातं आहे ते मला कळेना. तत्परता गेली. अचूकता गेली. तिसरा हत्ती आलाच नाही.

डोकं धुतल्यासारखं रिकामं झालं. हाताने आपोआप खिट्टी लावली, बाकी मी काहीच करू शकत नव्हते. मामीचं मुसळ वरच राहिलं. फटीतून मला मामा दिसत होता. मुक्या चावीवर हात, तोंड पांढरं. साहेबांचे डोळे अजून मिटलेले, पण एक भुवई वर गेली होती. शिपाई घड्याळाकडे पाहत होता. त्या शांततेत मला घर रिकामं होताना दिसलं. ट्रंका, मामीची भांडी, ओल्या जमिनीवर दुसऱ्या कोणाच्या बायकोचा हात.

आणि ठोकळा वाजला.

तीन टिंबं. एस. मग एक टिंब. मग ‘सी’, आणि दुसरी रेघ चिखलात बसली, हासडली, बाहेर आली. गुप्तता. इंग्रजीत त्या शब्दात दोन ‘सी’ आहेत आणि दोन्ही वेळा चाक बसलं. मामाचा हात होता तो, माझ्यापेक्षा कितीतरी अस्सल, तीस वर्षं ऐकून पाठ झालेला. फक्त दोन शब्दांमध्ये तो किंचित हसला, आणि मी ओळखला. पोचन्ना. त्याने ते वाक्य संपवलं. पुढचं वाक्य मात्र त्याचं नव्हतं. ते वरच्या ठाण्याने उचललं, तेही मामाच्याच हाताने, जरा सावकाश. त्याच्या पुढचं आणखी कोणी, ज्याच्याशी मी कधी गप्पाही मारल्या नव्हत्या. उतारा सगळ्यांना पाठ होता. तो त्यांच्याकडून दरवर्षी पाठ करून घेतला गेला होता. शेवटचा शब्द गेला, क्षणभर काही नाही, आणि मग कुठून तरी फार लांबून दोन टिंबं आली. मास्तर खाकरले.

मामीने मुसळ खाली ठेवलं. मी पाटावर बसून होते. आठ महिने मी ज्यांना फसवत होते ते सगळे आठ महिने मला सांभाळून घेत होते, एवढं कळायला मला चुलीपाशी तेवढा वेळ लागला.

साहेबांनी डोळे उघडले. “मध्ये जरा थांबलात.”

“जी साहेब. श्वास घेतला,” मामा म्हणाला. खोटं बोलताना पहिल्यांदाच त्याचा आवाज सरळ होता.

“वेग ठीक. पण मास्तर, सी अजून ओढता तुम्ही. मागच्या वेळी सांगितलं होतं. पन्नास मास्तरांतून मी तुमचा सी ओळखीन.” त्यांनी वहीत लिहिलं ते मामाने नंतर मला दाखवलं: हात जसाच्या तसा, सुधारणा नाही. माझ्या आयुष्यात मला पुढे काही बक्षिसं मिळाली. त्यातल्या एकाही प्रशस्तिपत्रकावर मी इतकी खूश झाले नाही. जाताना साहेबांनी मामीच्या जवसाच्या चटणीची तारीफ केली आणि एक डबा बरोबर घेतला.

जीपची धूळ बसली तेव्हा मला वाटलं, मामा हसेल, निदान रडेल. तो टेबलाशी बसून राहिला होता.

“तिघायनं सी केला,” तो म्हणाला. “तिघायनं तसाच केला.”

“हो मामा. पोचन्नाकाकानं तर लयच चांगला केला.”

“म्हंजे मी खरंच वढतो?”

मामी आतून म्हणाली, “वढता.”

मामा उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मग खुर्चीत बसून त्याने खिट्टी उघडली. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला आणि डावा चावीवर ठेवला. डाव्या हाताने त्याने कधी साधी सहीसुद्धा केली नव्हती. एक-एक अक्षर, लंगडत, मध्येच पडत, पुन्हा उठत. सगळ्यांना मिळून एकच शब्द पाठवत होता, आभाराचा. एवढ्याशा शब्दाला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी बाहेरची मोहफुलं गोळा करून आणली असती. पण तारेवर कोणी मध्ये आलं नाही. तो संपवेपर्यंत सगळी ठाणी गप्प होती. शेवटचं अक्षर झालं, मामाने खिट्टी लावली आणि कोटाच्या बाहीने कपाळ पुसलं. आठ महिन्यांत त्याने स्वतः पाठवलेली ती पहिली तार.

ठोकळा लगेच वाजला. पोचन्ना. भरभर, हसत.

मामाने ऐकलं. मीही ऐकलं. मामी दारात येऊन उभी राहिली. “काय म्हणते?” तिने विचारलं.

मामा सांगेना, म्हणून मी सांगितलं. “विचारते, हा नवा माणूस कोण बसवला? याले काई येत नाई. पोरीले बसवा.”

मामा खुर्चीतून उठला, धोतराच्या सोग्याने बैठक पुसली आणि मला म्हणाला, “बस. ठेकेदाराची तार सकाळपासून पडून आहे.”